युद्धवस्तूंचा संग्रह

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड नावाचे लहानसे गाव आहे. राजमाता जिजाबाईंचा वाडा ह्याच गावी होता; आणि येथेच १७ जून १६७४ रोजी, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या समाधीचे दर्शन घेऊन प्रवासी गडाची वाट धरतात. परंतु ह्या गावाने आणखीही एक प्रसंग पाहिला आहे, आणि त्याची आठवण फारच थोड्यांना असते. १८१८ च्या एप्रिल महिन्यात कर्नल प्रॉथर ह्याची इंग्रज फौज रायगड घेण्यासाठी येथे येऊन पोहोचली. पाचाडजवळ मराठ्यांनी मेढेकोट उभारला होता. तो इंग्रजांनी हल्ला करून घेतला व गडाला वेढा दिला. त्या वेळी दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. तोफा डागल्या जात होत्या. एका गोळ्याने वाड्याला आग लागली आणि शिवकालापासून उभ्या असलेल्या इमारती जळून गेल्या. १० मे १८१८ रोजी गड इंग्रजांच्या हाती आला.

ह्या धामधुमीत फेकले गेलेले सारेच गोळे कोणी वेचून नेले नाहीत. काही दरडीत रुतले, काही ढिगाऱ्याखाली गाडले गेले, काही उतारावरून गडगडत रानात गेले. कोकणातील पाऊस दरवर्षी डोंगरउतार धुऊन काढतो, आणि मातीखालचे लोखंड कधी तरी उघडे पडते. असा गंजलेला गोळा वाटेत दिसला, तर पाहणाराच्या मनात पहिला विचार येतो तो तो उचलून घरी नेण्याचा. हा विचार स्वाभाविक आहे. तरीही तो घातक आहे. कसा, ते समजण्यासाठी गोळा काय काय सांगू शकतो हे आधी पाहिले पाहिजे.

सर्वच गोळे सारखे नसतात. काही दगडाचे असत. काही लोखंड ठोकून घडविलेले असत व त्यांचा पृष्ठभाग ओबडधोबड दिसे. इंग्रजांचे गोळे साच्यात ओतलेले असत. साच्याचे दोन भाग जेथे जुळत, तेथील बारीक रेषा नीट पाहिल्यास गोळ्यावर सापडते. त्यांच्या तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात. अठरा पौंडी तोफेच्या भरीव गोळ्याचा व्यास सुमारे पाच इंच असे. म्हणजे केवळ दोरीने घेर मोजला तरी तो कोणत्या तोफेतून सुटला असावा, ह्याचा अंदाज बांधता येतो. ह्याशिवाय कुलपी गोळा नावाचा एक प्रकार होता. तो आतून पोकळ असून त्यात दारू भरलेली असे व वात बसविण्यासाठी एक भोक ठेवलेले असे. उखळी तोफेतून तो उंच उडवीत. तटावरून पलीकडे जाऊन तो आत पडे व फुटे. घरांना आगी लागत त्या अशा गोळ्यांनी.

परंतु सर्वांत मोलाची गोष्ट गोळ्याच्या अंगावर लिहिलेली नसते. ती म्हणजे त्याची जागा. रायगडासमोर पोटल्याचा डोंगर आहे. इंग्रजांनी त्या डोंगरावरून तोफा डागल्या, असे ह्या भागात सांगतात. समजा, गडाच्या एकाच अंगाला एकाच मापाचे चार-पाच गोळे मातीत रुतलेले सापडले. तर ते कोठून आले असावेत, त्या दिशेला तोफ ठेवण्याजोगी सपाटी आहे काय, तेथून गड किती अंतरावर आहे, हे सर्व पडताळून पाहता येईल आणि लोकांच्या बोलण्याला पुरावा मिळेल. तेच गोळे पाच जणांनी उचलून पाच घरांच्या फडताळांत ठेवले, म्हणजे त्यांचे वजन तेवढेच राहते, आकारही राहतो. पण साक्ष मात्र नाहीशी होते. म्हणूनच अभ्यासक उत्खनन करताना एखादा खिळा किंवा कौलाचा तुकडा सापडला तरी तो लगेच उचलीत नाहीत. तो किती खोलीवर होता, कोणत्या भिंतीपासून किती अंतरावर होता हे मोजतात, छायाचित्र घेतात, आणि मगच त्याला हात लावतात.

शिवाय कुलपी गोळ्याची दारू दोनशे वर्षांनीही आत शिल्लक असू शकते. असा गोळा घासणे, आपटणे, तापविणे हे जिवावर बेतणारे आहे. भोक असलेला गोळा, न फुटलेला बाँब किंवा काडतूस दिसले, तर त्याला स्पर्श न करता जागा ध्यानात ठेवावी व मोठ्या माणसांकडून पोलिसांना कळवावे. कायद्याचेही म्हणणे आहेच. रायगड हे संरक्षित स्मारक आहे; तेथील वस्तू हलविण्याचा अधिकार कोणाही खाजगी माणसास नाही. जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा कायदा १८७८ सालापासून आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, व खाजगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत, असे १९७२ च्या कायद्याने ठरविले आहे. तलवारी, बंदुका इत्यादींसाठी १९५९ चा शस्त्रविषयक कायदा निराळाच.

मग युद्धवस्तूंचा संग्रह हा छंद मुळीच करू नये काय? तसे नाही. जगात सर्वत्र हा छंद असलेले लोक आहेत. कोणी सैनिकांच्या टोपीवरील बिल्ले जमवितो, कोणी गणवेशाची बटणे, कोणी रणांगणावरून घरी आलेली पत्रे. पहिल्या महायुद्धात खंदकांत दिवस काढणाऱ्या सैनिकांनी तोफेच्या रिकाम्या पितळी नळ्यांवर नक्षी कोरून फुलदाण्या केल्या. त्या जमविणारेही आहेत. मोठ्या वस्तू अर्थातच कोणाच्या घरी मावत नाहीत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराने १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उघडले आहे. तेथे निरनिराळ्या देशांचे रणगाडे एका आवारात उभे असलेले पाहावयास मिळतात.

महाराष्ट्रात अशा संग्राहकांचा विषय निघाला की दिनकर गंगाधर केळकर ह्यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म १८९६ चा. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने ते कविता लिहीत. पुण्यात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला व तो १९९० मध्ये निधन होईपर्यंत सुटला नाही. तलवारी, ढाली, कट्यारी, चिलखते ह्यांबरोबरच त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्येही जमविली, आणि पत्नी कमलाबाई ह्यांनी त्या कामी त्यांना साथ दिली. राजा नावाचा त्यांचा मुलगा बालवयातच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव दिले. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह पुढे त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शस्त्र आणि अडकित्ता शेजारी शेजारी ठेवणारा हा संग्राहक शहाणा म्हटला पाहिजे. कारण लढणारा माणूस घरी परतल्यावर सुपारीही कातरत असतो.

वस्तू खरी असली, तरी तिच्याविषयीची हकीकत खरी असेलच असे मात्र नाही. ह्याचे एक बोलके उदाहरण अलीकडचे आहे. पोलादपूरच्या बाजूने घाट चढून गेले म्हणजे प्रतापगड लागतो. त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफजलखान ह्यांची भेट झाली. त्या भेटीतील वाघनखांची गोष्ट मराठी मुलांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक असते. लंडन येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात एक वाघनख आहे. ते जेम्स ग्रँट डफ ह्याच्याकडे होते. इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून १८१८ पासून काही वर्षे तो साताऱ्यास राहिला होता व पुढे त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. हे वाघनख शिवाजी महाराजांचे असून साताऱ्यास असताना ते ग्रँट डफला भेट मिळाले, असे त्याच्या पेटीवर लिहिलेले आहे. जुलै २०२४ मध्ये ते काही काळासाठी महाराष्ट्रात आणून साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आले, तेव्हा ते पाहण्यास लोकांची रीघ लागली. तथापि हेच ते वाघनख, असे खात्रीने सांगता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केलेले आहे. प्रतापगडचा प्रसंग आणि पेटीवरील मजकूर ह्यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात ती वस्तू कोणाकोणाच्या हातांतून गेली, ह्याची साखळी जुळत नाही. मधल्या प्रत्येक धन्याने चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर आज वाद उरला नसता.

ज्या वस्तूंची अशी साखळी अद्याप तुटलेली नाही, त्या मात्र पुष्कळदा घरच्याच पेटीत पडून असतात. महाड, पोलादपूर, माणगाव ह्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पलटणीत गेली. महाडजवळच्या खेड्यात जन्मलेले गोपाळबाबा वलंगकर हे लष्करात नोकरी करून १८८६ च्या सुमारास निवृत्त झाले. पुढे इंग्रज सरकारने महार समाजाची सैन्यभरती थांबविली, तेव्हा त्यांनी तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. आपल्या लोकांनी पूर्वी केलेली लष्करी सेवा हाच त्यांचा मोठा आधार होता. अशा वेळी जुना दाखला किंवा पदक हे शोभेची वस्तू राहत नाही. ते हक्काचा पुरावा होते.

पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना जे युद्धपदक मिळाले, ते लढणाऱ्यांसाठी चांदीचे होते. खंदक खणणाऱ्या व ओझी वाहणाऱ्या मजूर तुकड्यांतील माणसांना तेच पदक काशाचे देण्यात आले. म्हणजे नुसत्या धातूवरूनही त्या माणसाने युद्धात कोणते काम केले, ह्याची कल्पना येते. पदकाच्या कडेवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पुष्कळ घरांत हे कोणी पाहिलेलेच नसते. अडचणीच्या काळात चांदीची पदके सोनाराकडे गेली व वितळली. जी उरली, त्यांतील कित्येक चिंच आणि राख लावून इतकी घासली गेली की कडेवरचे नाव पुसट झाले. पदक लखलखीत दिसू लागले आणि ते कोणाचे, हे मात्र कळेनासे झाले.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एका शत्रूला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी ते भिडले. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. इटलीत त्यांची निराळी कबर नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे आहे. २०२३ साली मोंतोने ह्या इटालियन गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले.

व्हिक्टोरिया क्रॉस काशाचा असतो. शत्रूकडून जिंकून घेतलेल्या तोफांच्या धातूतून तो घडवितात. ह्या तोफा रशियनांकडून सेव्हास्टोपोलच्या युद्धात मिळाल्या, असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे तपास करणाऱ्यांना त्याविषयी शंका आली. येथेही पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो: धातू समोर आहे, पण तो आला कोठून?

ज्याला हा छंद जोपासावयाचा आहे, त्याला पैशापेक्षा एका वहीची गरज अधिक आहे. वस्तूला अंक द्यावा. तो वस्तूवर न खोडता दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहावा. वहीत त्या अंकापुढे वस्तूचे माप, वजन, धातू, ती कोणाकडून व केव्हा मिळाली, तिच्याविषयी घरातील कोणी काय सांगितले, हे तारखेनिशी नोंदवावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी. जे कळले नाही, त्याची जागा कोरी ठेवावी. ती कल्पनेने भरू नये. बाजारात मिळणाऱ्या ‘शिवकालीन’ तलवारींविषयी विशेष सावध असावे. नव्या पात्यावर आम्ल लावून गंज आणणे फार सोपे आहे, आणि अशा तलवारीवर एखाद्या थोर पुरुषाचे नाव हटकून असते.

वस्तू टिकविणे हेही सोपे काम नाही, विशेषतः पाचाडसारख्या ठिकाणी. तेथे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते आणि लोखंडाला पापुद्रे सुटतात. ते खरवडून काढू नयेत; वस्तू कोरडी ठेवून तीवर तेलाचा पातळ हात द्यावा. गणवेशाच्या लोकरी कापडात कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावीत, म्हणजे कसर लागत नाही. पत्रे उन्हात ठेवू नयेत; त्यांची शाई उडते. पदक मऊ कोरड्या कापडाने पुसावे, त्याची फीत धुऊ नये, आणि कडेवरचे नाव भिंगातून वाचून त्याच दिवशी वहीत उतरून घ्यावे. ते नाव ओळखणारे आजोबा किंवा आजी घरात असतील, तर वही घेऊन प्रथम त्यांच्याकडेच बसावे.