शिट्टी वाजली, थांबा!

बालमित्रांनो, खरं सांगा, ‘मला गाडी येते’ असं ऐटीत सांगणारा एखादा तरी वीर तुमच्या वर्गात आहे की नाही? वाढवण, वरोर, चिंचणी, डहाणू, कुठंही जा. काकांची स्कूटर घेऊन फाट्यापर्यंत चक्कर मारून आलेला आठवी-नववीतला मुलगा भेटतोच. मागे दोन मित्र बसलेले, कानात वारा भरलेला. आणि हेल्मेट? ते घरी, खुंटीला! ‘आपल्या गावात कोण विचारतंय?’ असं वर म्हणायचं.

आज अशाच एका विचारणाऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. गोष्ट अगदी खरी आहे बरं का!

त्यांचं नाव विलास शिंदे. मूळचे सातारा जिल्ह्यातले. मुंबईत वाहतूक पोलिसात हवालदार होते. २३ ऑगस्ट २०१६ चा दिवस. खार भागात एका पेट्रोल पंपाजवळ ते कामावर होते. तेवढ्यात एक मुलगा मोटारसायकलवरून आला. डोक्यावर हेल्मेट नाही, वयाची १८ वर्षंही पूर्ण नाहीत. शिंदे यांनी त्याला थांबवलं. आता यात रागावण्यासारखं काय होतं? पण त्या मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावलं. भाऊ आला, वाद झाला आणि त्याने शिंदे यांच्या डोक्यात दांडक्याने घाव घातला. ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

दुसऱ्यांची डोकी सांभाळा म्हणून सांगणारा माणूस डोक्याच्याच जखमेने गेला!

मित्रांनो, पोलीस म्हटलं की आपल्याला बंदूक, चोर आणि पाठलाग आठवतो. शिंदे यांच्या हातात यातलं काही नव्हतं. दरोडेखोर पकडताना नव्हे, एका पोराला ‘थांब’ म्हटल्यामुळे त्यांचा जीव गेला. तो मुलगा त्या वेळी थांबला असता, ‘चुकलो’ म्हणाला असता, तर दंड भरून दोघंही आपापल्या घरी गेले असते. एका घरचा कर्ता माणूस वाचला असता. त्या दोघा भावांचं आयुष्यही असं वाटेला लागलं नसतं.

‘पण हेल्मेटचा एवढा बाऊ कशाला?’ असं कुणी विचारेल. सांगतो. गाडी धाडकन थांबते, तेव्हा आपलं अंग थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे फेकलं जातं. डोकं रस्त्यावर आपटतं, आणि कवटी थांबली तरी आतला मऊ मेंदू तिच्यावर आदळतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. तो स्वतः चेपला जातो आणि धक्का सोसतो. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल, तर आपण पडायच्या आधी हेल्मेटच उडून पडतं!

चारचाकीचंही तसंच. आपल्या तलासरी-चारोटीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुम्ही पाहिलाच असेल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी महागडी, मजबूत होती. पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. ते दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. पैसा, ओळख, मोठं नाव, अपघात यातलं काहीही विचारत नाही.

आता पुढचा मजकूर आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. गिअरची गाडी चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. १६ वर्षांनंतर पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा. आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात! २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. ‘शिकू दे की, आपलाच पोरगा आहे’ असं म्हणत किल्ली देताना, बाबा, एवढं आठवा!

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात आपले १० पोलीस मारले गेले. त्यांच्याबरोबर, कर्तव्य करताना जीव गेलेल्या सगळ्या पोलिसांची त्या दिवशी आठवण काढतात. कुणी बर्फाळ सीमेवर गेला, तर कुणी भर शहरात, पेट्रोल पंपाजवळ.

तेव्हा उद्या डहाणू स्टेशनबाहेर किंवा चारोटी नाक्यावर पोलीसकाकांची शिट्टी ऐकू आली, तर बाबांना म्हणा, ‘थांबा ना!’ उन्हात उभ्या असलेल्या त्या काकांना हसून नमस्कार करा. आणि घरी गेलात की खुंटीवरची अदलाबदल करा. हेल्मेट खाली काढा आणि १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत किल्ली तिथे टांगून ठेवा.

कराल ना एवढं?