न्हाणीतली गळकी तोटी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नळदुरुस्तीवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गळती हा जमाखर्चाचाच विषय आहे. आमच्या भाड्याच्या घरात न्हाणीतल्या तोटीवर एक बटण आहे. ते खाली असले की पाणी बादलीत पडते. वर ओढले की आतली झडप तोटीचे तोंड बंद करते व पाणी भिंतीतल्या नळीने शॉवरकडे चढते. झडपेला वर धरून ठेवतो तो पाण्याचा दाबच. नळ बंद केला की ती आपोआप खाली येते.

शॉवर चालू असतानाही तोटीची धार थांबत नाही, ही तक्रार पुष्कळ घरांत असते. मी खाली बादली ठेवून मोजले. पाच मिनिटांच्या आंघोळीत ७ लिटर! माणसे चार, म्हणजे महिन्याला ८४० लिटर. त्यात हिवाळ्यात हे पाणी गिझरने तापवलेले, म्हणजे विजेचे बिलही आलेच. राकसकोप आणि हिडकलच्या पाण्यावर जगणाऱ्या बेळगावकरांना उन्हाळ्यातल्या बादलीची किंमत सांगायला नको. घरमालक म्हणतात, "दिवाळीनंतर बघू." तोवर काय करावे?

आधी पाणी नेमके कुठून येते ते पाहावे. आमचे प्लंबरमामा सगळ्यालाच 'नल्ली सोरतैती' म्हणतात, पण तोटी भिंतीला मिळते तिथून पाझरत असेल तर दोष आट्यांचा. तोटी फिरवून काढावी, आटे पुसावेत आणि त्यांवर टेफ्लॉनची फीत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळून पुन्हा बसवावी. नळ बंद असला की पुरे, टाकीचा कॉक बंद करावा लागत नाही. भिंतीशी पांढरे सिमेंट मात्र थापू नये. पाणी दिसेनासे होते आणि भिंतीच्या आत उतरते.

धार तोंडातून येत असेल तर झडपेकडे वळावे. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर तिच्या बैठकीवर साचतो आणि वॉशर नीट टेकत नाही. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणून आम्लात विरघळतो. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी घ्यावे आणि तोटीचे तोंड बुडेल अशी ती दोऱ्याने बांधावी. तासाभराने सोडून बटण दहा-वीस वेळा वरखाली करावे व पाणी सोडून धुवावे. रात्रभर ठेवण्याचा उत्साह नको, चकाकी जाते. गाडीचे ग्रीसही नको, त्याने रबर फुगते.

कधी झडप चांगली असते, पण दाबच अपुरा पडतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो दाब मिळतो. एकमजली घरात टाकी तोटीपेक्षा जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब पाव किलोच्या जरासा वर. झडप बिचारी पडणारच. अशा वेळी बटण वर ओढून त्याच्या दांडीला कपड्यांचा चिमटा लावावा. आंघोळ झाली की तो आठवणीने काढावा, नाहीतर पुढचा माणूस बादली भरायला नळ सोडतो आणि कपड्यांसकट भिजतो.

वॉशरच फाटले असेल तर यातले काहीच टिकत नाही. तोवर गळते पाणी बादलीत धरून 'वाया' खात्यातून 'धुणे' खात्यात वर्ग करावे. नवी तोटी आणायला जाताना जुनी बरोबर न्यावी. आटे बहुधा अर्ध्या इंचाचे असतात, पण लांबी वेगळी निघाली तर दुकानाला दुसरी फेरी होते.