हौशी मोटार-शर्यती आणि सैन्याची धावपट्टी



वसंतातील व्याख्यानांत मोटारींच्या शर्यतीचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. पण हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो माझ्याकडे चालून आला. ओळखीचा एक तरुण काही दिवसांपूर्वी घरी आला. जुन्या मोटारी सुधारून वेगात हाकण्याचा त्याला आणि त्याच्या मित्रांना नाद आहे. त्याने विचारले, "काका, नेवाळीची धावपट्टी ओस पडली आहे. एका रविवारी तिथे शर्यत भरवायची, तर परवानगी कोणाकडे मागायची?" प्रश्न साधा दिसला, पण उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की या एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न दडलेले आहेत. ते चार प्रश्न आज आपल्यापुढे उलगडून ठेवावयाचे आहेत.

या तरुणाला प्रथम हसून वाटेला लावावे असे मलाही वाटले होते. परंतु शहाडच्या उड्डाणपुलाजवळ राहणाऱ्यांना रात्री अकरानंतर जे आवाज ऐकू येतात ते आठवले, आणि मी गंभीर झालो. मुले शर्यती लावणारच. आपल्या खेड्यांत बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यानपिढ्या चालत आल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबविल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून त्यांना पुन्हा वाट मोकळी करून दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने त्या होतात. बंदीने हौस मेली नाही. नियमाने तिला बांध घातला. मोटारीच्या हौसेचेही असेच आहे. मुलांनी वेगाने जावे की नाही हा वाद घालण्यापेक्षा त्यांनी कोठे जावे हे ठरविणे अधिक उपयोगाचे आहे.

मग धावपट्टीच का? याचे कारण गणितात आहे. मोटारीचा वेग दुप्पट झाला की ती थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबत असेल, तर ताशी १२० किलोमीटरला तिला ८० मीटर लागतात; चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत जे अंतर कापले जाते ते निराळेच. आपला दुपदरी रस्ता सात मीटर रुंद. त्याच्या कडेला झाडे, विजेचे खांब, चहाची टपरी आणि घरी परतणारा पादचारी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बॉम्बफेकी विमानांसाठी ज्या धावपट्ट्या बांधल्या, त्यांतील मुख्य पट्टी साधारणतः २,००० यार्ड लांब आणि ५० यार्ड रुंद असे. म्हणजे आपल्या रस्त्याच्या सहापटींहून अधिक रुंदी, आणि कडेला मोकळे गवत. रस्त्यावर जी चूक प्राणावर बेतते, ती तेथे बहुधा गवतात घसरून संपते. म्हणून युद्ध संपताच जगभरच्या हौशी मंडळींचे डोळे या रिकाम्या धावपट्ट्यांकडे वळले.

इंग्लंडातील सिल्व्हरस्टोनची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९४७ साली काही मित्रांनी कोणाला न विचारता तेथील ओस पडलेल्या विमानतळावर आपल्या गाड्या पळविल्या. मध्येच एक मेंढी आडवी आली. मेंढी मेली आणि गाडीही मोडली. त्या शर्यतीला लोकांनी थट्टेने मटणाची शर्यत म्हटले. पुढच्याच वर्षी तेथील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने विमान-मंत्रालयाकडून ती जागा रीतसर भाडेपट्ट्याने घेतली आणि २ ऑक्टोबर १९४८ रोजी मोठी शर्यत भरविली. धावपट्ट्यांच्या मधल्या जमिनीत शेती होती, तिला धक्का लागू द्यावयाचा नव्हता. मार्ग असा आखला होता की गाड्या दोन बाजूंनी एकमेकींच्या दिशेने धावत येत. म्हणून चालकांना समोरची गाडी दिसून ते बिचकू नयेत यासाठी मध्ये कापडाचे पडदे उभारले होते. पुढच्या वर्षी तो मार्ग बदलला, आणि १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत याच ठिकाणी झाली. न विचारता केलेली हौस एका मेंढीवर निभावली. विचारून केलेल्या हौसेतून एक संस्था उभी राहिली.

अमेरिकेतील अनुभव याहून बोधप्रद आहे. तेथे हौशी शर्यती गावातील रस्त्यांवरून चालत. १९५२ च्या सप्टेंबरात वॉटकिन्स ग्लेन या गावी शर्यतीतील गाडी प्रेक्षकांत शिरली आणि सात वर्षांचा एक मुलगा मरण पावला. रस्त्यांवरील शर्यतींविरुद्ध लोकमत खवळले. त्या वेळी हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे प्रमुख जनरल कर्टिस लेमे हे स्वतः शर्यतीच्या मोटारींचे शौकीन होते. त्यांनी आपल्या तळांच्या धावपट्ट्या हौशी क्लबला खुल्या केल्या. १९५२ च्या ऑक्टोबरात जॉर्जिया राज्यातील टर्नर तळावर पहिली शर्यत झाली, नंतर इतर तळांवर झाल्या. तिकिटांचे उत्पन्न सैनिकांच्या राहण्याच्या सोयींसाठी खर्च होई. हौशी मंडळींना जागा मिळाली, सैनिकांना सोयी मिळाल्या, प्रेक्षकांना करमणूक. सारे छान चालले होते. पण सरकारी तळ आणि सरकारी मनुष्यबळ खाजगी खेळासाठी का वापरावे, असा प्रश्न तेथील संसदेत उठला आणि १९५४ साली हा प्रकार बंद झाला. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या आवडीवर उभी असलेली परवानगी लेखी नियमावर उभ्या असलेल्या परवानगीइतकी टिकत नाही, हा त्यातला धडा.

आपल्या देशातही हे घडून गेले आहे. मुंबईला जुहूच्या विमानतळावर, जेथे १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते, तेथे पुढे मोटारींच्या शर्यती होत. तो नागरी विमानतळ. सैन्याच्या धावपट्टीचे आपल्याकडील ठळक उदाहरण मद्रासजवळच्या शोलावरमचे. महायुद्धातील त्या धावपट्टीवर १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने अनेक वर्षे शर्यती भरविल्या. भारतातील शर्यतीच्या खेळाची एक अख्खी पिढी तेथे घडली. पण जागा दुसऱ्याची ती दुसऱ्याची. शेवटी त्या क्लबने इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःच्या जमिनीवर मार्ग बांधला आणि १९९० पासून शर्यती तेथे होऊ लागल्या.

आता त्या तरुणाच्या प्रश्नातील चार प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न जागेच्या मालकाचा. दिसायला ओस आहे म्हणजे बेवारशी आहे असे नव्हे. संरक्षण खात्याच्या जमिनींचा हिशेब ठेवणारे रक्षा संपदा नावाचे स्वतंत्र खाते आहे. छावणीतील जमिनींची एक नोंदवही असते, छावणीबाहेरच्या लष्करी जमिनींची दुसरी. जमीन कोणत्या दलाच्या ताब्यात आहे हे तेथे कळते. तळावरील अधिकारी कितीही सज्जन असला तरी बाहेरच्या लोकांना जमीन वापरू देणे त्याच्या एकट्याच्या हातात नसते. अर्ज वर जातो. आणि वरचा अधिकारी नकार देतो तेव्हा त्यामागे केवळ तऱ्हेवाईकपणा नसतो. धावपट्टी चालू असेल, तर शर्यतीनंतर मागे राहिलेला एखादा नट किंवा काँक्रीटचा खडा जेट विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन ते इंजिन निकामी करू शकतो. सांडलेल्या तेलावरून उतरणाऱ्या विमानाची चाके घसरतात. हजारो प्रेक्षक आत आले की कोण काय पाहतो, कशाचे छायाचित्र घेतो, यावर नजर ठेवणे कठीण. आणि लष्करी ठिकाणांना १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा लागू असतो. म्हणून अर्ज करणाऱ्याने जागा द्या एवढेच लिहून भागत नाही. पट्टी कोण झाडणार, किती माणसे कोणत्या फाटकातून येणार, नुकसान कोण भरून देणार, हे त्याने आधीच लिहून द्यावे लागते.

दुसरा प्रश्न कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम सांगते की राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी वाहनांची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या जागी लोकांना जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा, अशी कायद्याची व्याख्या आहे. तळाच्या कुंपणाआड हे कलम लागू होत नाही असे एखादा हुशार मुलगा म्हणेल. परंतु गर्दी जमावयाची, तर पोलीस आणि जिल्हा प्रशासन यांना विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा प्रश्न खेळाच्या स्वतःच्या शिस्तीचा. आपल्याकडे १९७१ साली स्थापन झालेला मोटार-क्रीडा क्लबांचा राष्ट्रीय महासंघ आहे. त्याच्या नियमांनुसार चालकाला स्पर्धेचा परवाना लागतो. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडीची तपासणी होते: ब्रेक, पट्टे, चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, शिरस्त्राण. रुग्णवाहिका, डॉक्टर आणि आग विझविणारी माणसे जागेवर असल्यावाचून निशाण पडत नाही. प्रेक्षक किती अंतरावर उभे राहतील हे आखून द्यावे लागते. विमा उतरवावा लागतो. हौशी मंडळींना हे सारे जाचक वाटते. पण वॉटकिन्स ग्लेनच्या त्या मुलाची आठवण ठेवली म्हणजे यातील एकही अट जास्तीची वाटत नाही.

हे तीन प्रश्न कष्टाने, पैशाने आणि चिकाटीने सुटणारे आहेत. चौथा तसा नाही, आणि तोच आपल्या घराजवळचा आहे.

आपण राहतो तो सारा टापू महायुद्धाने घडविलेला आहे. शेजारचे उल्हासनगर म्हणजे मूळची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथील बराकींत आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि अजूनही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच म्हणतो. एका छावणीचे असे नगर झाले. तेथून पुढे मलंगगडाच्या वाटेवर, शहाडपासून तीनएक कोसांवर, नेवाळी. तेथील धावपट्टीही त्याच युद्धातील. पण तिचे भाग्य निराळे निघाले. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांखाली सरकारला लोकांची मालमत्ता ताब्यात घेता येत असे. ताब्यात घेणे आणि कायमची संपादन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाड्याने घेतलेले भांडे आणि विकत घेतलेले भांडे यांत जेवढा फरक, तेवढाच. नेवाळी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांचे म्हणणे असे की आमची जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपले, ती परत द्या. जमीन संरक्षण खात्याची आहे असे नौदलाचे म्हणणे. प्रश्न सोळाशे एकरांहून अधिक जमिनीचा आहे. नौदलाने कुंपणाची भिंत घालावयास घेतल्यावर २२ जून २०१७ रोजी असंतोषाचा स्फोट झाला. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलीस आणि गावकरी दोघेही जखमी झाले. ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकरी रस्त्यावर उतरला होता, हे आपण विसरू नये.

कोणाची बाजू खरी हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. पण त्या तरुणाला मी एवढेच विचारले की, बाबा, उद्या समजा दिल्लीहून शिक्क्याचा कागद आला आणि तुम्ही त्या पट्टीवर गाड्या पळवू लागलात, तर कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला काय वाटेल? आपल्या बापजाद्यांच्या जमिनीत आपल्याला नांगर घालू देत नाहीत, आणि शहरातल्या पोरांना मोटारी पळवू देतात, असेच ना? कायद्याने ती परवानगी पुरी असेल. शेजारधर्माने ती अपुरीच राहील. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मोल नसेलही, पण जागेला मालक असतो, आणि कधीकधी मालकी सांगणारे दोघे असतात.

तो थोडा खट्टू झाला. म्हणाला, "मग आम्ही रस्त्यावरच मरायचे काय?" या त्याच्या प्रश्नाला टाळता येणार नाही, म्हणूनच मी हा विषय या व्यासपीठावर आणला. नेवाळीचा वाद मिटेपर्यंत नेवाळी मागू नये, असे माझे मत आहे. परंतु मागणे सोडू नये. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या खाजगी धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या शर्यती झालेल्या आहेत. खाजगी जागेच्या मालकाशी करार करणे सैन्याकडे अर्ज करण्याहून सोपे. मद्रासकरांप्रमाणे दहा-वीस वर्षांची दृष्टी ठेवून क्लब नोंदवावा, वर्गणी जमवावी, स्वतःचा मार्ग उभारावा. आणि आपण वडीलधाऱ्यांनी क्रीडांगणांची मागणी करताना क्रिकेटच्या पलीकडेही पाहावे. ठाणे जिल्ह्यात एवढे कारखाने, एवढे मेकॅनिक, एवढे गॅरेजवाले; या हातांच्या कौशल्याला एक बंदिस्त, सुरक्षित मार्ग मिळू नये काय?

परवानगी म्हणजे कागदावरचा शिक्का, अशी आपली समजूत असते. खरे पाहता परवानगी मागणारा सांगत असतो की, जे बिघडेल त्याला मी जबाबदार. रात्रीच्या उड्डाणपुलावर ते सांगणारा कोणी नसतो. सकाळी तेथे फक्त फुटलेल्या काचा सापडतात. तो तरुण परवा पुन्हा आला होता. क्लबाच्या नोंदणीसाठी किती सभासद लागतात, हे त्याला हवे होते. मी त्याला म्हटले, सातजण जमव आणि ये. अर्ज आपण दोघे बसून लिहू.