नोकरीची मुलाखत : एक भाषिक व्यवहार

प्रास्ताविक

'मुलाखत' हा शब्द अरबी 'मुलाकात' या शब्दापासून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ केवळ 'भेट' असा आहे. हिंदीत तो अर्थ आजही टिकून आहे; मराठीत मात्र अर्थसंकोच होऊन 'प्रश्नोत्तरांची औपचारिक भेट' एवढाच अर्थ प्रामुख्याने उरला. अर्थ संकोचला तरी मूळ लक्षण सुटत नाही : भेट दोघांची असते. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराने काय आणि कसे बोलावे, तसेच भरती करणाऱ्या मध्यस्थांशी व्यवहार कसा ठेवावा, याचा विचार या घटकात भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

कागद आणि भेट

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (जन्म ११ सप्टेंबर १८९५). १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. तेथे गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत वाचून त्यांनी पत्राने काही प्रश्न विचारले. उत्तरे आली, पुन्हा प्रश्न गेले. अखेर गांधीजींनी त्यांना आश्रमात प्रत्यक्ष बोलावले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरत होते आणि त्यांनी विनोबांच्याही हाती चाकू दिला, अशी आठवण विनोबांनीच सांगितली आहे.

ही नोकरीची मुलाखत नव्हती, हे उघड आहे. तरीही तीतून एक गोष्ट स्पष्ट होते. पत्रांनी दार उघडले; ओळख पटली ती समोरासमोर आणि कामातून. आपला अर्ज व प्रमाणपत्रे यांचे कार्यही बोलावणे येईपर्यंतचेच. त्यापुढे 'या व्यक्तीने स्वतः काय केले आहे?' या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलण्यातून मिळावे लागते. अनेक अनुभवी उमेदवार नेमके येथेच मागे पडतात आणि त्याचे एक कारण मराठीच्या वाक्यरचनेत आहे.

कर्त्याचा लोप

'मी हिशेब लिहिला', 'मी वही लिहिली' ही वाक्ये पाहा. हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, कर्त्याप्रमाणे नाही. त्यामुळे 'मी' गाळला की 'हिशेब लिहिला' एवढेच उरते आणि तो कोणी लिहिला, याची कोणतीही खूण क्रियापदात राहत नाही. 'लिहीन' या रूपात बोलणारा लपत नाही. 'लिहिला' या रूपात तो पूर्णपणे लपतो. मुलाखतीत आपण बोलतो ते बहुतांशी भूतकाळाबद्दल, म्हणजे कर्ता सहज गळून पडतो अशाच रचनेत.

समजा, बचत गटाचे काम केलेली उमेदवार सांगते, "गटाचे हिशेब बघितले, कर्ज फेडले." किंवा पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात काम केलेला उमेदवार म्हणतो, "आम्ही मूर्ती रंगवायचो." दोघेही खरे बोलतात, पण ऐकणाऱ्यास त्यांचा वाटा कळत नाही. 'आम्ही' हे सर्वनाम समूह सांगते, व्यक्ती नाही. हीच माहिती अशी मांडता येईल : "बारा जणींच्या गटाची मी तीन वर्षे सचिव होते. दरमहा वसुलीची नोंद मी करत असे आणि बँकेत भरणाही मीच करत असे." "आमच्या कारखान्यात सहा कारागीर होते; डोळ्यांची आखणी माझ्याकडे होती."

'मी मी करणे' आपल्याकडे अशिष्ट मानले जाते, म्हणून हा संकोच स्वाभाविक आहे. परंतु मीपणा विशेषणांत असतो, क्रियापदांत नसतो. 'मी फार मेहनती आहे' हा दावा आहे. 'मी दरमहा नोंद केली' हे पडताळून पाहता येणारे विधान आहे. मुलाखतीत विशेषणे कमी आणि क्रियापदे अधिक असावीत. संभाषण पुरेसे, खरे, सुसंबद्ध व स्पष्ट असावे, ही तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ च्या निबंधात मांडलेली तत्त्वे येथेही उपयोगी पडतात. एखादी गोष्ट येत नसल्यास "हे मला येत नाही, शिकण्याची तयारी आहे" असे सरळ सांगावे.

'पदवी रेग्युलर नाही का?' हा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जाईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने दूरशिक्षणातून दिलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे शांतपणे सांगावे आणि अभ्यास करताना आपण कोणती जबाबदारी सांभाळली, तेही जोडावे.

मध्यस्थाशी व्यवहार

डोलवी, नागोठणे, धाटाव या पट्ट्यातील कारखान्यांत काम मिळवताना अनेकदा ठेकेदार किंवा भरती एजन्सी मध्ये असते. तिचा ग्राहक कंपनी असते, उमेदवार नव्हे. हे ध्यानात ठेवले तर तिच्याविषयी अवाजवी अपेक्षाही राहत नाही आणि अकारण रागही येत नाही. पुढील पथ्ये पाळावीत :

१. नियुक्तीपत्र कोणाच्या नावाने मिळणार, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, हे आधी विचारावे.
२. 'सीटीसी' आणि हातात येणारा पगार वेगळे असतात. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या सर्वसाधारणपणे १२ टक्के रक्कम पगारातून कापली जाते आणि मालकाचा हिस्साही अनेकदा 'सीटीसी'त धरलेला असतो. म्हणून "हातात किती?" हे विचारण्यात संकोच नसावा.
३. एकाच कंपनीकडे दोन एजन्सींमार्फत नाव गेले असल्यास ते दोघांनाही सांगावे.
४. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून देऊ नयेत. नोंदणी वा अनामत म्हणून पैसे मागितल्यास तेथेच थांबावे.
५. उत्तर न आल्यास आठवड्याने एक संदेश पाठवावा : "नमस्कार. मी मंगळवारी भांडारपाल पदासाठी मुलाखत दिली. निर्णय केव्हा कळेल, हे कृपया कळवावे." एवढे पुरे.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब' (अराजपत्रित) आणि गट 'क' पदांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. अशा पदासाठी 'मुलाखतीत पास करून देतो' असे कोणी सांगत असेल, तर तो जी परीक्षाच होत नाही तिची किंमत मागत आहे.

सारांश

अर्ज भेटीपर्यंत नेतो. भेटीत आपले काम आपल्यालाच सांगावे लागते. मराठीचा भूतकाळ कर्त्याला झाकतो, म्हणून तो जाणीवपूर्वक परत आणावा. भेट दोघांची असल्याने प्रश्न विचारण्याचा अधिकारही दोघांचा असतो.

स्वाध्याय

आपण गेल्या पाच वर्षांत केलेल्या कामांविषयी, मग ते घरचे, शेतीचे, गटाचे वा नोकरीचे असो, दहा वाक्ये लिहा. त्यांतील किती वाक्यांत कर्ता दिसत नाही ते मोजा आणि ती वाक्ये पुन्हा लिहा.