पात्रं तयार आहेत, गोष्ट हवी आहे

'क्वेक' नावाच्या व्हिडिओ गेमच्या काही खेळाडूंनी ऑक्टोबर १९९६ मध्ये इंटरनेटवर एक छोटीशी फाइल टाकली. नाव होतं 'डायरी ऑफ अ कॅम्पर'. गेमच्या दुनियेत कोपऱ्यात दबा धरून बसणाऱ्याला कॅम्पर म्हणतात. येईल त्याला टिपायचं, स्वतः जागचं हलायचं नाही. अशा एका कॅम्परला पाचसहा गडी शोधून काढतात आणि त्याचा खात्मा करतात. मुंडकं उचलून पाहतात तर तो निघतो जॉन रोमेरो, म्हणजे 'क्वेक'च्या निर्मात्यांपैकीच एक! संवाद पडद्यावर नुसते अक्षरांत उमटतात. सगळा मामला दोन मिनिटांच्या आत संपतो. पण गेमचा वापर करून गोष्ट सांगणारी पहिली फिल्म म्हणून आज हिचंच नाव घेतात.

यातली खरी गंमत फाइलच्या पोटात आहे. त्या फाइलमध्ये चित्रं नव्हतीच! होत्या त्या फक्त नोंदी: कोण कुठे उभा होता, कुठे वळला, गोळी कधी झाडली. आपण फाइल उघडली की आपल्या संगणकावरचा गेम त्या नोंदी वाचून सगळा प्रसंग नव्याने चितारायचा. त्यामुळे फाइल अगदी चिमुकली राहिली. शिवाय प्रसंग आधी खेळून घ्यायचा आणि कॅमेरा कुठे लावायचा ते मागाहून ठरवायचं, अशी सोयही झाली. खऱ्या शूटिंगमध्ये एकदा निसटलेला शॉट निसटला तो निसटलाच. इथे तोच प्रसंग हव्या त्या कोपऱ्यातून पुन्हा पाहता येतो.

हे शक्य झालं गेमच्या इंजिनमुळे, म्हणजे गेमची चित्रं जागच्या जागी काढणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. मोठ्या अ‍ॅनिमेशनपटातलं एकेक चित्र तयार व्हायला संगणकाला तासन् तास लागू शकतात. गेमला एवढी सवड कुठली? खेळाडूने बटण दाबलं की पात्राने उडी मारलीच पाहिजे. सेकंदाला ६० चित्रं काढायची, तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे १७ मिलिसेकंद येतात. एवढ्या घाईत काम करणारं यंत्र घरात असेल, तर पात्रं, कपडे, किल्ले, उजेड-सावली सगळं आयतं मिळतं. गेममध्ये अशी फिल्म बनवण्याला 'मशिनिमा' म्हणतात.

फक्त या आयत्या पात्रांना मोजक्याच गोष्टी येतात. धावणं, उडी मारणं, बंदूक चालवणं. रडणं येत नाही, ओठ हलत नाहीत. २००३ मध्ये टेक्सासमधल्या काही मित्रांनी 'हेलो' या गेममध्ये 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका सुरू केली, तेव्हा त्यांनी या उणिवेचाच फायदा घेतला. सैनिकांची तोंडं हेल्मेटमध्ये झाकलेली, मग ओठांची चिंता कशाला? जो बोलतोय त्याने मान हलवायची, बस्स. पण शांतपणे गप्पा मारणाऱ्या दोघांनी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या कशा चालतील? त्यावरही तोड निघाली. हातात पिस्तूल असताना नजर पार खाली नेली, की पिस्तूल खाली झुकायचं आणि मान मात्र सरळ दिसायची. ही गेममधली एक बारीकशी चूक होती. ती या मंडळींच्या इतकी कामी आली, की 'हेलो २' मध्ये कंपनीने शस्त्र खाली करायची सोयच देऊन टाकली. चाहत्यांनी गोष्ट लिहिली म्हणून खेळ बदलला!

पुढे कंपन्यांनाच हे चाहते हवेसे वाटू लागले. 'टीम फोर्ट्रेस २' या गेममध्ये नऊ पात्रं आहेत. वाल्व्ह कंपनीने २००७ पासून त्यांच्यावर विनोदी लघुपट काढले आणि ते बनवायचं स्वतःचं सॉफ्टवेअर २०१२ मध्ये लोकांना फुकट देऊन टाकलं. चाहत्यांच्या लघुपटांची 'सॅक्सी अवॉर्ड्स' ही स्पर्धा २०११ ते २०१७ अशी चालली. तिचा पुरस्कार म्हणजे सोनेरी पुतळा, पण तो शोकेसमध्ये ठेवण्यासाठी नव्हता. गेममध्ये हातात घेऊन लढायचं. ज्याला तो वर्मी लागला तो जागच्या जागी सोन्याचा होतो! 'डोटा २' या गेमच्या लघुपट स्पर्धेत तर मर्यादा ९० सेकंदांची. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा पटकथेचा ठोकताळा धरला तर हातात उरतं दीड पान. त्यात ओळख, पेच आणि शेवटचा दणका. पात्रं सगळ्यांना सारखीच मिळालेली असताना सामना रंगतो तो लिहिण्याचा.

आता पुण्याकडे या. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. सर्कशीत वाढलेली राजी राक्षसांनी पळवलेल्या गोलूला, आपल्या भावाला, शोधायला निघते. तिची कथा आपल्याला सांगतात दुर्गा आणि विष्णू, तेही आपसात बोलत. मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत. छायाबाहुल्यांचा खेळ आपल्याकडे जुनाच: सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर कलावंत दिव्यासमोर चामड्याच्या बाहुल्या नाचवून रामायण उभं करत आले आहेत. त्या बाहुल्यांनाही ओठ हलवता येत नाहीत. बाहुली नुसती हलते, बाकीचं काम निवेदकाचा आवाज करतो. टेक्सासच्या त्या मित्रांना सापडलेली युक्ती आपल्या कोकणात पिढ्यान् पिढ्या वापरात होती.

आणि तोकड्या साधनांत गोष्ट लिहायची तालीम तर पुण्याला कधीचीच आहे. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून आहे. 'आव्वाज कुणाचा!' या आरोळ्यांनी भरत नाट्य मंदिर दणाणतं ते कॉलेजच्या पोरांनी उभ्या केलेल्या एकांकिकांसाठी. तिथला परीक्षकही कच्चा नाही. २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही, म्हणून करंडक कोणालाच दिला गेला नाही.

गेम बनवणारे इथेच आहेत, लिहिणारी पोरंही इथेच आहेत. तेव्हा पुण्यातल्या गेम कंपन्यांना एकच सांगणं आहे: तुमची पात्रं वर्षातून एकदा महिनाभर कॉलेजांच्या हवाली करा. दीड पानाची मराठी पटकथा मागवा, चांगल्या तीन निवडा आणि तुमच्याच इंजिनवर त्यांचे लघुपट काढा. ना नवा सेट लागेल, ना नवे नट. आणि एखाद्या वर्षी एकही पटकथा जमली नाही, तर बक्षीस राखून ठेवायला लाजू नका.