घोडा, धोंडा आणि न्यूटन

१६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने लिहिले आहे की, दोराने बांधलेला धोंडा घोडा ओढू लागला म्हणजे धोंडाही घोड्यास तितक्याच बलाने मागे खेचतो. मग धोंडा हलतोच कसा, हा विद्यार्थ्यांचा उजर सकृद्दर्शनी बिनतोड भासला, तरी क्रिया एका पदार्थावर आणि प्रतिक्रिया दुसऱ्यावर घडत असल्यामुळे, निरनिराळ्या खातेदारांच्या रकमांप्रमाणे, त्यांची परस्परांत वजावट करण्याची मुभा निसर्गाच्या दप्तरात नाही. धोंड्याचा विचार करताना दोराची ओढ आणि जमिनीचे घर्षण एवढेच पाहावे. ओढ वरचढ ठरली की धोंडा निघाला! घोड्याला पुढे ढकलते ती जमीन, कारण तो खुरांनी तिला मागे रेटतो. म्हणूनच गुळगुळीत बर्फावर त्याची सारी ताकद व्यर्थ जाते.