टाकीतले पाणी आणि वॉरंटीचा कागद

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या मागे उभे राहिल्यावर अंगावर येणारा निळसर धूर मुंबई-पुण्याच्या वाचकांना आठवत असेलच. अमेरिकेत तलावांवर आणि खाड्यांमध्ये हौसेने फिरवल्या जाणाऱ्या लहान नौकांच्या पाठीमागे बसवलेली आउटबोर्ड इंजिने अनेक दशके याच जातीची होती. फरक इतकाच, की त्यांचा धूर बहुधा थेट पाण्यात सोडला जाई. सिलिंडरमध्ये नवे मिश्रण शिरत असताना धूर बाहेर पडण्याची वाटही उघडीच राही आणि जवळजवळ पाव हिस्सा इंधन न जळताच निघून जाई. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील ताहो सरोवराचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते. तेथे कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनांवर १९९९ मध्ये बंदी घालण्यात आली.

देशपातळीवर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ‘ईपीए’ने, १९९६ मध्ये आउटबोर्ड इंजिनांसाठी पहिले नियम केले. ते २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाले. २००८ मध्ये अधिक कडक नियमावली आली आणि २०१० च्या मॉडेलांपासून नौकेच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांनाही मोटारींप्रमाणे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागू लागले.

या नियमावलीचा खरा रंजक भाग मात्र टाकीविषयी आहे. पेट्रोल केवळ धुराड्यातून प्रदूषण करते असे नाही. फुग्यातली हवा जशी हळूहळू कमी होते, तसे ते प्लॅस्टिकच्या टाकीतून आणि रबरी नळीतून झिरपून उडून जाते. म्हणून नळीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला १५ ग्रॅम आणि टाकीच्या बाबतीत दीड ग्रॅम, अशी झिरपण्याची कमाल मर्यादा ठरवण्यात आली. हातात उचलून नेता येणाऱ्या टाक्यांना २०११ पासून आतील दाब सुमारे पाच पीएसआय होईपर्यंत वाफ बाहेर न सोडणारे झाकण आले. हेतू उत्तम होता. पण उन्हात ठेवलेली अशी टाकी टम्म फुगते आणि नळी जोडलेलीच राहिली, तर तो दाब पेट्रोलला इंजिनाकडे ढकलतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि नौकेचा तळ एखाद्या खोल परातीसारखा. तेथे साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. इंजिन बंद केल्यावर नळी काढून ठेवावी आणि टाकीतला दाब मोकळ्या हवेत सावकाश सोडावा, हा सल्ला यासाठीच दिला जातो.

आता वॉरंटीकडे वळू. निर्माता स्वतःहून देतो ती वॉरंटी वेगळी. त्याशिवाय प्रदूषण नियंत्रणाशी संबंधित भागांसाठी, म्हणजे इंधन इंजेक्शन, सेन्सर, कन्व्हर्टर इत्यादींसाठी, कायद्यानेच किमान वॉरंटी बंधनकारक केली आहे. आउटबोर्ड इंजिनासाठी ती पाच वर्षे किंवा १७५ तास, तर नौकेच्या आतील नेहमीच्या इंजिनासाठी तीन वर्षे किंवा ४८० तास असते. जे आधी संपेल ते खरे. आठवड्याला पाच तास नौका हाकणाऱ्याचे १७५ तास पस्तीस आठवड्यांतच संपतात, हे खरेदीच्या उत्साहात फारसे कोणी मोजत नाही.

त्या मुदतीतही वादाचे मूळ बहुधा इंधनात असते. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. २००४ मध्ये न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट राज्यांत एमटीबीई या रसायनाऐवजी इथेनॉल आले, तेव्हा जुन्या नौकांच्या फायबरग्लास टाक्यांमधील राळ विरघळू लागली आणि तिचा काळा चिकट थर इंजिनाच्या व्हॉल्व्हवर बसू लागला. इथेनॉल पाणीही ओढून घेते. नौकेच्या टाकीचा श्वास बाहेरच्या दमट हवेत चालतो, भरण्याच्या झाकणाचे वॉशर झिजलेले असते आणि नौका महिनोन्‌महिने उभी असते. दहा टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी शिरले, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत जेमतेम एक लिटर, की इथेनॉल त्या पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तेथूनच इंधन उचलते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घटलेला असतो. हे इंधन कोणत्याही औषधाने पुन्हा एकजीव होत नाही. ते उपसूनच टाकावे लागते. भर समुद्रात हे घडले, तर वॉरंटीचा विचार नंतर, आधी किनारा गाठण्याची चिंता.

पंधरा टक्क्यांच्या मिश्रणाची गोष्ट आणखी निराळी. २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींसाठी ईपीएने त्याला २०१० आणि २०११ मध्ये परवानगी दिली, पण नौकांसाठी मनाई केली. पंपावर तसे नारिंगी-काळे लेबल असते. तरीही ट्रेलरवरून नौका ओढत नेणारा बहुधा रस्त्यावरच्या पंपावरच टाकी भरतो, आणि हे मिश्रण पुष्कळदा स्वस्त असते.

कायद्यातील एक तरतूद येथे महत्त्वाची ठरते. त्या भागात सर्रास वापरले जाणारे इंधन वापरले, एवढ्या कारणावरून प्रदूषण-वॉरंटी नाकारता येत नाही. त्याला अपवाद आहे, पण त्यासाठी दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात : ते इंधन प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला अपायकारक असल्याचे निर्मात्याने लेखी सूचनांत सांगितलेले असावे, आणि योग्य इंधन ग्राहकाला सहज मिळत असावे. म्हणजे दहा टक्क्यांचे नुसते नाव काढून निर्मात्याला हात झटकता येणार नाहीत. पंधरा टक्क्यांबाबत बहुधा येतील. भारताने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले, तेव्हा जुन्या मोटारींच्या वॉरंटीवरून आपल्याकडेही बराच वाद झाला.

टाकीत वेगळे झालेले पाणी मात्र या तरतुदीच्या कडेवर बसते. दोष इंधनाचा की देखभालीचा, हे ठरवणार कोण? अशा वेळी पेट्रोल भरल्याच्या पावत्या, पाणी वेगळे करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर कधी बदलला याची नोंद आणि टाकीच्या तळातून बाटलीत काढून ठेवलेला नमुना, एवढाच पुरावा मालकाच्या हाती असतो. नमुना पारदर्शक बाटलीत घ्यावा. त्यात दोन थर वेगळे दिसतात.